आगोटीचा हिशेब

आमच्या खारेपाटात मे महिना सरत आला की 'आगोट आली' म्हणत. आगोट म्हणजे पावसाचं तोंड, मृगाच्या अलीकडचे दोन-तीन आठवडे. बाजार, लग्नं, उसनवारी, भांडणं, सगळ्याचा निकाल त्याआधी लावायचा, कारण एकदा पाणी भरलं की खारेपाटातलं गाव म्हणजे बेटच. आमचं गाव चरीपासून दोन-अडीच कोसांवर. पुढे खाडी, मागे खाजण, मधे मातीचा बांध. डांबरी सडक आली ती मी चौथीत असताना. त्याआधी पोयनाडला जायचं तर गुडघाभर चिखल तुडवायचा.

आईची आणि आजीची आगोटीची यादी तोंडपाठ होती. कणगीतलं भात किती पायल्या उरलंय ते हात घालून बघायचं, मग त्यातलं बियाणं वेगळं काढायचं. वालाला राख चोळून मडक्यात भरायचे. खंडाळ्याच्या बाजूने पांढऱ्या कांद्याच्या माळा यायच्या, त्या आढ्याला टांगायच्या. आमसुलं, मिठातल्या कैऱ्या, फणसाची साठं. गोवऱ्या आणि लाकूडफाटा पडवीत रचायचा आणि वर झापा टाकायच्या. आणि सगळ्यात मोठा सोहळा सुक्या मासळीचा. थळ-नवगावच्या कोळणी टोपल्या घेऊन यायच्या. बोंबील, जवळा, वाकट्या, आणि हात सैल असेल त्या वर्षी सोडे. पैसे कमी आणि भात जास्त, अशी अदलाबदल चालायची. आजी एक बोंबील मोडून वास घ्यायची, दुसरा परत टाकायची, आणि तासभर भांडून झालं की त्याच कोळणीला चहा द्यायची. अंगणात दोन उन्हं दिलेली मासळी डब्यात गेली की डब्याच्या झाकणाला फडकं बांधलं जायचं. त्या फडक्याची गाठ आम्हा पोरांना सुटायची नाही, असं आजीला वाटे.

बचत हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. तो शाळेत होता. शाळेत संचयिका नावाची पोरांची बँक होती. गुरुजी दर शनिवारी पाच-दहा पैसे वहीत मांडून घ्यायचे आणि थेंबे थेंबे तळे साचे यावर निबंध लिहायला लावायचे. घरी मात्र तळं वगैरे काही नव्हतं. घरी पाऊस होता. तो येणार हे ठरलेलं, कधी येणार तेही साधारण ठरलेलं, आणि तो आला की नुसत्या भातावर दिवस काढायचे नसतील तर काय करायचं हेही ठरलेलं. साठवायची इच्छा कुठून आणायची, असा प्रश्न कुणाला पडल्याचं ऐकलं नाही. ढग बघितले की इच्छा होत असे.

हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट विचारला माझ्या भाच्याने. वय चोवीस. उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात कामाला आहे, पगार तेवीस हजार. पनवेलला चौघांत खोली, मेस, मोटारसायकलचा हप्ता, मोबाइलचा हप्ता. बहिणीचं म्हणणं, पोरगा हाती काही ठेवत नाही, तू मास्तर आहेस, सांग जरा. म्हणून तो गणपतीला घरी आला तेव्हा मी त्याला पडवीत बसवलं. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मामा, साठव साठव सगळेच सांगतात. कशाला, ते कुणी सांगत नाय."

आणि त्याने हिशेब मांडला. महिन्याला चार हजार बाजूला टाकले, म्हणजे पोटाला चिमटा घेऊन, तर दहा वर्षांत होतात ४ लाख ८० हजार. पोस्टाचं व्याज धरून पावणेसात लाख म्हणा. पनवेलला वन बीएचके आज चाळीस लाखांच्या घरात. दहा वर्षांनी तो चाळीसला थांबणार आहे का? "मी त्याच्या मागे धावतोय आणि तो मोटारीत बसलाय," असं तो म्हणाला. म्हातारपणाचं काय, असं मी विचारलं. "तो म्हातारा कोण, मामा? मला माहीत पण नाय. त्याच्यासाठी मी आज दोस्तांबरोबर माथेरानला जायचं नाय?"

मला हसू आलं, पण उत्तर आलं नाही. हा पोरगा आळशी नाही, व्यसनी नाही. त्याचा गुणाकार बरोबर होता. आणि तो 'म्हातारा कोण' हा प्रश्न थट्टेत विचारला असला तरी थट्टेचा नाही. चोपन्न वर्षांचा तो आणि चोवीस वर्षांचा हा, ह्यांच्यात नातं काय? नाव एक आणि आधार कार्ड एक, एवढंच. आज कष्ट ह्याने करायचे, मोह ह्याने मारायचा आणि खाणार तो दुसरा. परक्यासाठी पोटाला चिमटा घ्यायचा तर काहीतरी मोठं कारण लागतं. आगोटीची गोष्ट निराळी होती. मे महिन्यात डब्यात बोंबील भरणारा मी आणि श्रावणाच्या तोंडाशी तो भाजून खाणारा मी, ह्यांच्यात अंतर दोन महिन्यांचं. त्या दुसऱ्याची भूक मला आजच कळत होती. तीस वर्षांपलीकडच्या माणसाची भूक कळायला फार मोठी कल्पनाशक्ती लागते, आणि ती नसणं म्हणजे काही पाप नव्हे.

शिकलेली माणसं 'हल्लीची पोरं उधळी' असं म्हणून मोकळी होतात. त्यांना मी आमच्या आजीची गोष्ट सांगतो.

आजी सांगायची, तिच्या लहानपणी त्यांच्या घरात कणगीच नव्हती. मला हे खरं वाटत नसे. भात पिकवणाऱ्याच्या घरात कणगी नाही म्हणजे काय? तर खळ्यावर भात झोडलं की खोताचा माणूस तिथेच उभा. त्याचा वाटा, मागच्या कर्जाचं भात, त्याच्यावरचं वाढीचं भात, वर आणखी कसले कसले हक्क. उरेल ते शिमग्यापर्यंत संपायचं. मग पुन्हा खोताच्याच दारात. एखाद्याने दोन मण लपवून ठेवले आणि ते कळलं, तर पुढच्या वर्षी मागणी वाढायची. "साठवाचा कुनासाठी? खोताच्या घोऱ्यासाठी?" असं आजी म्हणायची. त्या काळच्या खोतांनी आणि साहेबांनी कुळांना काय नावं ठेवली असतील ते सांगायला नको. ह्यांना उद्याची काळजी नाही, शिमग्याला सगळं उडवतात. उडवत होतेच. जे उद्या हातात राहणार नाही ते आज खाण्यात वेडेपणा कसला?

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरीला सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं त्यात होती आणि संप चालला १९३९ पर्यंत. मधे १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. संप पुकारला तेव्हा आजी तेरा-चौदा वर्षांची. डोंगरातून सरपण आणून विकायचं, खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या धरायच्या, दुसऱ्या गावात मजुरीला जायचं, असे दिवस काढले म्हणायची. ज्यांच्या घरात दुसऱ्या दिवसाचं भात नव्हतं ती माणसं सहा हंगाम नांगर न धरता राहिली. उद्याची कल्पना त्यांना होती की नव्हती?

खोती कायद्याने गेली १९४९ साली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कसणाऱ्याच्या नावावर जमिनी व्हायला लागल्या. आमच्या घरात पहिली कणगी विणून आली ती त्यानंतर. आजीला तिचं वर्षसुद्धा आठवे, कारण त्याच वर्षी माझ्या मोठ्या आत्याचं लग्न झालं. म्हणजे कणगी आधी आणि काटकसर मग, असा तो क्रम. साठवलेलं आपलंच राहील हा भरवसा आला आणि ज्या माणसांना उधळी म्हणत होते तीच माणसं रातोरात जपून खाणारी झाली. भाच्याच्या बाबतीत काही म्हणण्याआधी त्याला भरवसा कशाकशाचा आहे ते बघायला हवं होतं.

तर भरवशाचा हिशेब. आमच्या आप्पाकाकांनी रिटायर झाल्यावरचे पैसे जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत ठेवले होते. अर्धा टक्का जास्त म्हणून. बँक बुडाली. तेव्हा ठेवीचा विमा एक लाखापर्यंतच असायचा. १९९३ पासून तेवढाच होता, पाच लाख झाला तो २०२० च्या फेब्रुवारीत. आप्पांच्या पावणेतीन लाखांतले एक लाख पुष्कळ खेटे घातल्यावर मिळाले. ते पुढे आठ वर्षं जगले, पण त्या बँकेच्या इमारतीसमोरून जाणारी रिक्षा त्यांनी कधी केली नाही. वळसा घालून जायचे. भाचा तेव्हा लहान होता, आजोबांबरोबर तो वळसा त्यानेही घातला आहे.

मग आमच्या आत्याच्या नोटा. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा तिने आपल्याकडच्या सगळ्या पोराच्या हाती दिल्या. सगळ्या, म्हणजे तिला आठवल्या तेवढ्या. पुढच्या शिमग्याला ट्रंकेतल्या लग्नाच्या शालूच्या घडीत पाचशेच्या चौदा निघाल्या. भरायची मुदत डिसेंबरातच संपलेली. सात हजार रुपये. ते तिने नवऱ्यापासून लपवले होते, आणि नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तिने त्या नोटा टाकल्या नाहीत, परत शालूतच ठेवल्या. भाच्याला ही गोष्ट फार आवडते. तो ती दोस्तांना सांगतो.

आणि निसर्ग वादळ. ३ जून २०२० च्या दुपारी श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यावर ते आलं तेव्हा ऐन आगोट होती. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एका गुरुजींची श्रीवर्धनला वाडी. पोफळी आणि माड, मधून मधून जायफळ. पोफळीचं रोप लावलं की सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, मग पुढे पन्नास वर्षं ते झाड घर चालवतं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला नाव आहे. बँकेत ठेव ठेवावी तसे त्यांच्या आजोबांनी आणि वडिलांनी पोफळीच्या रांगा लावलेल्या. दुपारच्या तीन-चार तासांत वाडी आडवी झाली. काड्यापेटी उपडी करावी तशा पोफळी पडल्या होत्या. मी दहा दिवसांनी गेलो. वाडीत नेहमी असते ती सावली नव्हती, कोरडं ऊन होतं, आणि तेच बघवत नव्हतं. सरकारी मदत हेक्टरावर द्यायची की झाडावर, ह्याचा वाद पेपरात चालला होता. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यांना हेक्टरात बसवलं तर हाती काय येणार?

दिवेआगरचा सोन्याचा गणपती ह्याच किनाऱ्यावरचा. १९९७ च्या नोव्हेंबरात एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला, किलोभराहून जास्त वजनाचा. कुणीतरी तो कुठल्यातरी धास्तीच्या काळात पुरला असणार. ज्याने पुरला तो काढायला परत आला नाही, एवढं उघड आहे. साठवण राहिली आणि माणूस गेला. गावाला त्याचं फळ पंधरा वर्षं मिळालं. देवदर्शनाला माणसं यायला लागली, घरगुती खानावळी निघाल्या, कोहाळ्याचे पेढे खपायला लागले. २०१२ च्या मार्चमध्ये चोरांनी दोन रखवालदारांचा जीव घेऊन मुखवटा नेला आणि वितळवला. जमिनीखाली होतं तोवर सुरक्षित होतं, असं म्हणणारे निघाले. ते खरंही आहे. पण जमिनीखाली होतं तोवर ते कुणाच्या उपयोगाचंही नव्हतं.

हे सगळं माहीत असलेल्या पोराला साठव म्हणून सांगायचं, तर 'शेवटी सगळं जातं, मग साठवायचं कशाला' ह्या म्हणण्याला तोंड द्यावंच लागतं. मला त्याचं उत्तर पुस्तकात सापडलं नाही. जे थोडंफार सापडलं ते आईच्या पत्र्याच्या डब्यात.

मी नववीत असताना आमच्या घरावर पेंढ्याचं छप्पर होतं. दर वर्षी आगोटीला ते शाकारायचं, आणि दर वर्षी श्रावणात ते एका कोपऱ्यात गळायचं. तेव्हा गावात पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या एक बाई यायच्या. सरकारने १९७२ पासून बायकांना ह्या कामाची एजन्सी द्यायला सुरुवात केली होती, त्यांतल्या त्या एक. दर महिन्याच्या दहा तारखेला, हातात छत्री, खांद्याला रेक्झिनची पिशवी. आईने वीस रुपयांचं खातं काढलं. अंडी विकून, वालाच्या शेंगा विकून, कधी नुसतं मन मारून ती ते वीस जमवायची. सुट्ट्या नाण्यांनी भरायची. पाच वर्षांत भरलेले बाराशे, वर व्याज धरून पंधराशेच्या पुढे झाले आणि पुढच्या आगोटीला घरावर मंगलोरी कौलं चढली.

आई त्या पैशांना पैसे म्हणतच नसे. 'कौलं' म्हणायची. एकदा मला सहलीला जायचं होतं, सात रुपये हवे होते, आणि डब्यात अठरा दिसत होते. मी म्हटलं, त्यातले दे. ती म्हणाली, "त्ये पैशे नाय बाला, ती कौलं हायत." नवल असं की मला ते पटलं. सात रुपये मागता येतात, छपरावरची सात कौलं कशी मागणार? डब्यात आणखी दोन पुरचुंड्या होत्या, एक 'ताई' आणि एक 'दवाखाना'. सगळ्या नोटा सारख्याच, पण नाव पडलं की नोटेचा स्वभाव बदलतो. हल्ली बँकावाले हेच मोबाइलवर शिकवतात, आईला ते चौथी पास असताना येत होतं.

आणि त्या एजंटबाई. त्यांना आई घाबरायची, हे मला मोठेपणी कळलं. एका महिन्यात हप्ता चुकला तर दंड काही पैशांचाच होता. पण त्या उन्हातून चालत येणार, ओटीवर बसून पाणी पिणार, पिशवीतून कार्ड काढणार आणि आपण नाही म्हणायचं, हे आईला मरणासारखं वाटे. माणूस स्वतःला दिलेला शब्द सहज मोडतो, दुसऱ्याला दिलेला मोडताना त्याला लाज वाटते. ह्याला कुणी मनाचा कमकुवतपणा म्हणो. खारेपाटातले बांध त्याच्यावरच उभे होते. उधाणाचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाची राखण गावाने मिळून करायची, त्याला जोळ म्हणत. घरटी माणूस द्यावाच लागे. माती टाकायची हौस कुणालाही नव्हती, पण ज्याच्या घरचा माणूस आला नाही त्याच्या नावाची चर्चा होई. बांधाला खांड पडली तर भरतीचं पाणी आळशाचं शेत आणि कष्टाळूचं शेत निवडत बसत नाही.

आता साठवण्याच्या विरुद्धची बाजूही सांगायला हवी, कारण ह्या विषयावर लिहिणारे बहुतेक ती सांगत नाहीत. आमच्याकडे मासळी घालणारी एक कोळीणमावशी होती. गळ्यात सोनं, हातात सोनं, कानात जड बुगड्या. जून-जुलै होड्या किनाऱ्याला लागलेल्या, दर्यावर जायची बंदी. तेव्हा त्यातलं एक-एक सावकाराकडे जायचं आणि थंडीत मासळी चांगली लागली की परत गळ्यात यायचं. शिमग्याला आणि नारळी पुनवेला ती सगळं अंगावर घालून नाचायची. आईने एकदा तिला पोस्टाचं सुचवलं. ती हसली. "पोस्टात ठेवला त मी नाचू कशी? दर्या हाय गो, पगार नाय." तिचा नवरा एकदा वादळात सापडून तीन दिवसांनी परत आला होता. जी बाई दर आठवड्याला नवऱ्याला पाण्यावर पाठवते तिला आजचा दिवस उद्यावर टाकायला सांगणं मला तरी जमलं नसतं. शिवाय तिची बचत बचतच होती, फक्त ती अंगावर दिसत होती आणि तिचा आनंद तिला रोज मिळत होता.

उलट आमच्या आळीत एक गृहस्थ होते. नाव घेत नाही, मुलं-नातवंडं आहेत. त्यांनी सगळं साठवलं. कुणाला आमंत्रण नाही, कुणाकडे आहेर नाही, बायकोला अलिबागचा समुद्र दाखवला तो लग्नाच्या वर्षी. म्हणायचे, रिटायर झालो की काशी करू. झाले तेव्हा गुडघे गेलेले आणि बायको गेलेली. चोविसाव्या वर्षी माथेरानला जाण्यात जे असतं ते मुदत ठेवीत ठेवता येत नाही. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं.

आजीच्या सुक्या मासळीच्या डब्यालासुद्धा दुसऱ्यांचा हक्क होता. श्रावणाआधी शेजारणीच्या घरचा जवळा संपला की ती वाटी घेऊन यायची, आणि झाकणाचं फडकं, जे आम्हाला सुटत नसे, तिच्यासाठी सुटायचं. कंजूष आणि साठवणारा ह्यांतला फरक मला तिथे कळला. कंजुषाच्या डब्याला कुणी वाटी लावत नाही. मला वाटतं भाच्याच्या प्रश्नातली अडचणही थोडी इथेच होती. आम्ही त्याला जे साठवायला सांगत होतो ते एकट्याने, एकट्यासाठी, न दिसणाऱ्या खात्यात, एका अनोळखी म्हाताऱ्याच्या नावाने. त्याला ना नाव, ना आगोट, ना दारात येणारी बाई.

एकगठ्ठा पैशाचं थोडं बोलून टाकतो. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत जमिनी विकल्या गेल्या, उरणला बंदरासाठी आणि सिडकोसाठी गेल्या. ज्यांनी जन्मात पाचशेची नोट मोडली नव्हती त्यांच्या घरात लाख आले. गाड्या आल्या, हळदीला डीजे आले, काही घरांत चार वर्षांत काही उरलं नाही. ह्यावर शहरातली माणसं हसतात. पण महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा माणसाला वळण लावतो. उधाणासारखा एकदम आलेला पैसा बांधच घेऊन जातो. ज्यांना तीन पिढ्या पगार मिळालाय त्यांनी ह्यावर हसू नये एवढंच.

श्रीवर्धनच्या गुरुजींचे वडील त्या वादळाच्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी गेलो तेव्हा ते मोडलेल्या पोफळींच्या मधे बसून पडलेल्या सुपाऱ्या निवडत होते, रोपांसाठी. मी हिशेब केला, ही रोपं धरतील तेव्हा हे पंच्याऐंशीचे. मुलगा अलिबागला, नातू पुण्याला, वाडीत परत येईल अशी काही खूण नाही. मी विचारलं, "दादा, कुणासाठी लावताय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "वाडी मोकळी ठेवायची होय?" रोपं आज डोक्याच्या वर गेली आहेत. दादा दोन वर्षांपूर्वी गेले.

भाच्याला मी ह्यातलं सगळं सांगितलं नाही, एवढं कोण ऐकून घेतो. एवढंच म्हटलं की घराचं सोड, ते तुझ्या गुणाकारात बसत नाही हे मान्य. लहान काहीतरी धर, त्याला नाव दे आणि एकट्याने करू नकोस. तो 'बघू' म्हणाला, म्हणजे नाही. पण दिवाळीनंतर ताईचा फोन आला की त्याने यार्डातल्या नऊ पोरांबरोबर भिशी लावली आहे. महिन्याला दोन हजार, दहा जण, दहा महिने. व्याज काही नाही. पोस्टात टाकलं असतं तर चार पैसे वर मिळाले असते, हे त्याला मी न सांगता माहीत होतं. चौथ्या महिन्यात त्यांच्यातला एक जण आपला नंबर उचलून दुसऱ्या कामाला निघून गेला आणि हप्ते बंद केले. बाकीच्यांनी शिव्या घालत त्याचा हिस्सा वाटून भरला, पण भिशी मोडली नाही. मोडली असती तर चहाच्या टपरीवर रोज तीच तोंडं बघायची होती.

भाच्याचा नंबर ह्या मे महिन्यात लागला. वीस हजार. त्याने ताईला दोन किलो सुके बोंबील आणि किलोभर सोडे आणले, सोड्यांचा आजचा भाव ऐकून ताईने कपाळाला हात लावला. माथेरानसाठी त्याने दोन हजार काढून ठेवले. उरलेल्यावरून दोघांचं अजून चाललंय. ताई म्हणते, पोस्टात टाक. तो म्हणतो, आधी मोटारसायकलच्या कर्जात भरतो, त्याचं व्याज पोस्टाच्या दुपटीहून जास्त आहे. हिशेब त्याचाच बरोबर आहे, पण ताईला ते सांगायला मी अजून गेलेलो नाही.